माझं म्हणणं खोडून काढणारे कोरे

कोरे,

तुम्ही गेल्याची बातमी मला मोबाईलवर दिसली, आणि मोबाईलवर दिसली म्हणूनच मी ती खरी धरली नाही. तुमचा ओळखपत्रावरचा फोटो, भोवती झेंडूचा छापील हार, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. कुणीतरी कुणाला पाठवलेलं फिरत फिरत माझ्यापर्यंत आलेलं. मनात पहिला विचार आला तो हा, की हे कुणी केलं असेल आणि कशासाठी? रडू नंतर आलं. आधी संशय आला. मग महानंदाला फोन लावला. ज्या मुलीचा बाप गेला तिला काय विचारावं हे सुचेना, म्हणून सरळच विचारलं, ‘बातमी खरी आहे का गं?’

‘व्हय बाई,’ ती म्हणाली. ‘पहाटं गेले. झोपेतच.’

तिच्या आवाजामागे बायकांची कुजबुज ऐकू येत होती, भांड्यांचा आवाज येत होता. तेव्हा कुठं मला ते खरं वाटलं.

तुमच्या घरी तोंडओळखीची माणसं बरीच जमली होती. त्यांच्यात मी कोण, हे कुणाला सांगता येईना. एका बाईंनी विचारलं, ‘तुमी त्यांच्या कोण?’ मी म्हणाले, ‘आम्ही एकमेकांच्या विरोधात लिहायचो.’ त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. पण कोरे, दुसरं काय सांगणार होते? नात्यातली मी नव्हे, तुमच्या गल्लीतली नव्हे, तुमच्या पक्षाची तर मुळीच नव्हे. तुमची आणि माझी ओळख आपल्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर झाली, ‘वाचकांची पत्रं’ या सदरात. खाली नाव आणि पेठ. ‘रे. म. कोरे, साखर पेठ’. ‘सुमन वाघचौरे, जुळे सोलापूर’.

सुरुवात मी केली होती. परीक्षेच्या दिवसांत मिरवणुकीचे भोंगे बंद ठेवावेत, असं मी लिहिलं. चार दिवसांत तुमचं उत्तर छापून आलं : ‘श्रीमती वाघचौरे यांना कान आहेत, परंतु मन नसावे.’ मी चहा पिता पिता ते वाचलं आणि कप तसाच ठेवून लिहायला बसले. ‘श्री. कोरे यांच्या पत्रावरून त्यांना तोंड असल्याचे समजले.’ संपादकांनी तेही छापलं! त्यानंतर तुम्ही ज्या बाजूला, मी त्याच्या पलीकडे. शहर बससेवा खाजगी करावी, तुम्ही म्हणालात. करू नये, मी म्हणाले. महापालिकेच्या शाळा एकत्र कराव्यात, पुतळ्याभोवतीची जागा वाढवावी, पाणीपट्टी वाढवावी की नाही, सगळ्यावर. मी टेलिफोन खात्यात होते. दुपारच्या सुट्टीत सगळ्या बायका डब्याचं बोलायच्या, मी तुमच्या पत्राला उत्तर जुळवत बसायची.

तुम्ही प्रत्यक्ष दिसलात ते आमच्याच तक्रार खिडकीवर. दुकानाचा फोन बंद होता तुमच्या. मी नाव लिहून घेता घेता थांबले.

‘कोरे? साखर पेठेतले?’

‘हाय की. का?’

‘मी वाघचौरे.’

तुम्ही खिडकीतून आत वाकून मला नीट बघितलंत आणि म्हणालात, ‘तुमी व्हय? मला वाटलं हुतं, तुमी उंच आसाल.’

तुमचा फोन मी संध्याकाळच्या आत सुरू करून दिला. तुम्ही फोन करून कळवलंत, ‘बाई, चालू झाला. आता तुमच्या इरुद्ध कसं लिवू?’ पुढच्याच आठवड्यात लिहिलंत. त्यात टेलिफोन खात्याच्या ढिसाळ कारभारावरही दोन ओळी होत्या.

तुमची मातृभाषा कन्नड. मैंदर्गीच्या पुढचं गाव तुमचं, घरात सगळे कन्नडच बोलायचे. मराठी तुम्ही शिकलात ती शिलाई मशीन दुरुस्त करता करता, गिऱ्हाइकांशी बोलून आणि वर्तमानपत्र वाचून. बोलताना गावाकडचं बोलायचात आणि लिहायला बसलात की ‘तथापि’ आणि ‘किंबहुना’. शुद्धलेखनाची मात्र धास्ती. मग मलाच फोन. ‘बाई, दूषितमधला दू पहिला का दुसरा?’ ‘दुसरा,’ मी सांगायची, आणि फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात यायचं, की हा माणूस उद्या माझ्या पाण्याच्या पत्रावर घसरणार आहे, आणि त्याला शब्द मी पुरवतेय. हे मी पुढे कित्येकांना हसून सांगितलंय.

मी निवृत्त झाले, मुलगा पुण्याला गेला, तेव्हापासून रविवारी तुमच्या दुकानात येऊन बसायचा माझा नेम झाला. दुकान कसलं, एक खोली. गणवेश शिवणाऱ्या बायकांची मशिनं दाटीवाटीनं ठेवलेली, सगळीकडे तेलाचा वास. वर्तमानपत्रावर तुम्ही मशीनचं शटल उघडून ठेवायचात, त्यामुळे अग्रलेखावर नेहमी तेलाचा डाग. त्या दुकानात बसून किती भांडलो आपण! दोऱ्याची बॉबीन न्यायला आलेल्या बायकासुद्धा थांबून ऐकायच्या, मधेच एखादी बोलायची, ‘मामा, बाईंचं बरोबर हाय की.’ मग तुम्ही तिला आपल्या बाजूला ओढायला बघायचात आणि मी माझ्या. कधी तुमचं पटलं तर मी तसं बोलायची नाही, घरी जाऊन विचार करायची. पुढच्या पत्रात माझा सूर जरा खाली आलेला तुमच्या नजरेतून सुटायचा नाही. ‘बाई, ह्या खेपंला मऊ लिवलंय,’ एवढंच म्हणायचात. जिंकल्यासारखं कधी वागला नाहीत.

मग ते सदर बंद झालं. त्याचा काही गाजावाजा झाला नाही. एका सोमवारी त्या जागी शिकवणीच्या वर्गाची जाहिरात आली. मी फोन केला तर एक मुलगी अगदी गोड बोलली, ‘मॅडम, आता प्रतिक्रिया ऑनलाइन द्यायच्या, बातमीच्या खाली.’ आपण दोघंही शिकलो. महानंदानं तुम्हाला मोबाईल घेऊन दिला, मला मुलानं. सुरुवातीला तुम्हाला काय आनंद झाला होता! ‘बाई, पाकीट न्हाय, तिकीट न्हाय. आंगठा दाबला की छापून आलं!’ आणि खरंच, आपण एका बातमीखाली समोरासमोर लिहिलं. तुम्ही बाजू मांडली, मी उत्तर दिलं. तेवढ्यात कुठल्या कुठल्या गावची माणसं मधे पडली. एकानं तुमच्या जातीवरून लिहिलं. एकानं माझ्या वयावरून लिहिलं, ते इथं सांगण्यासारखं नाही. तुम्ही त्या दिवशी मला फोन केलात. म्हणालात, ‘बाई, त्ये माजं न्हाय हां. मी तसं कदी म्हनलो न्हाय.’

‘मला माहीत आहे कोरे,’ मी म्हणाले.

तुम्ही पुन्हा त्या जागी लिहिलं नाहीत, मीही नाही. तुम्ही तुमच्या लोकांच्या ग्रुपमध्ये गेलात. सकाळी बागेत फिरायला येणारे, तुमच्या विचारांचे. मी माझ्या. निवृत्त मंडळी, शिक्षक, माझ्या विचारांची. तिथं कुणी शिव्या देत नव्हतं, आपण काही लिहिलं की फुलं यायची, टाळ्या यायच्या. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं ज्या माणसाच्या हातात पेन आहे, त्याला टाळ्या गोड लागणारच. पण हळूहळू रविवारी दुकानात बसल्यावर काहीतरी निसटायला लागलं. पूर्वी आपण एकच बातमी वाचून आलेलो असायचो आणि तिचा अर्थ काय यावर भांडायचो. आता तुम्ही म्हणायचात, ‘काल त्ये झालं त्ये बगितलं का?’ आणि मी ते बघितलेलंच नसायचं. मी काही सांगायला गेले की तुम्ही म्हणायचात, ‘आसं कुटं झालंय?’ दोघं आपापला मोबाईल काढायचो. तुमच्यात तुमचं खरं, माझ्यात माझं. वाद घालायला खाली जमीन लागते कोरे, ती राहिली नव्हती. तुम्ही शटलमध्ये डोकं घालायचात आणि मी चहाचा कप घेऊन रस्त्याकडे बघत बसायची.

आणि मग तो व्हिडिओ आला. तुमच्याच गावचा.

तुम्हाला आठवतं, तुम्ही हातातलं शटल तसंच टाकून मोबाईल माझ्यासमोर धरलात. आठवडी बाजार, सावलीसाठी बांधलेलं पाल कोसळतंय, बाई किंचाळतेय, आणि तोंडाला फडकी बांधलेली माणसं पळतायत. तुमच्या ग्रुपवर त्याच्याखाली लिहिलं होतं, की तोंडं बांधून आलेल्या टोळीनं आपल्या माणसांवर हल्ला केला. मी माझा मोबाईल उघडला. तोच व्हिडिओ, तीच बाई, तेच पाल. माझ्याकडे लिहिलं होतं, की गरीब हातगाडीवाल्यांवर धूर सोडून त्यांना हुसकावलं, बघा, जीव वाचवायला तोंडं झाकून पळतायत.

तुम्ही म्हणालात, ‘तुमच्या लोकास्नी खोटं पसरवायची सवयच हाय.’

मी म्हणाले, ‘आणि तुमच्या?’

त्या दिवशी पहिल्यांदाच आपण ‘तुमचे लोक’ म्हणालो. आधी नेहमी ‘तुम्ही’ म्हणायचो. मी उठले. पायात चप्पल घातली. आणि मग मला वाटलं, की आता निघून गेले तर पुन्हा येणं होणार नाही. मी म्हणाले, ‘कोरे, गाव तुमचं आहे. चला, जाऊन बघू.’

‘आत्ता?’

‘मग कधी? निवडणूक लागल्यावर?’

दुकानाला कुलूप लावून दोघं म्हातारे एसटीत बसलो. अक्कलकोटपर्यंत तुम्ही तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून बघत होतात. मैंदर्गीला उतरून वडापची, म्हणजे माणसं भरभरून नेणारी जीप धरली, त्यात तर गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागलं. ड्रायव्हरनं तुम्हाला ओळखलं, कन्नडमध्ये चौकशी केली. तुम्ही व्हिडिओचं विचारलंत. त्यानं तोच व्हिडिओ स्वतःच्या मोबाईलवर काढून दाखवला. त्याच्या गावचा, त्यालाच बाहेरून आलेला.

बाजाराच्या जागेवर एक चहाची टपरी होती. ‘बर्री, बर्री,’ म्हणजे ‘या, या’, म्हणत त्या माणसानं आपल्याला बसायला बाकडं पुसून दिलं. पाल कोसळलं ते त्याच्या टपरीच्या अगदी समोर, हे व्हिडिओत दिसतच होतं. तुम्ही त्याला विचारलंत, ‘तू त्या दिवशी हितंच हुतास का?’

‘दिवसभर हितंच की.’

‘मग काय झालं? मारामारी?’

त्यानं डोकं खाजवलं. ‘मला तर काय दिसली न्हाय. पन मोबाईलवर आलंय म्हंजे मागल्या अंगाला झाली आसंल.’

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी तुमच्याकडे. कोरे, इतक्या वर्षांत आपण एका क्षणी एकच विचार केला असेल तर तो तेव्हा.

मग तुम्ही त्या मिरचीवाल्या बाईला शोधून काढलंत. व्हिडिओत किंचाळते ती हीच. ती आधी बोलायलाच तयार नव्हती, आपण कुठल्या चॅनलचे आहोत असं तिला वाटलं. तुम्ही कन्नडमध्ये तिच्या माहेरचं नाव काढलंत, तेव्हा ती मोकळी झाली. झालं होतं ते असं. माल घेऊन आलेला टेम्पो मागे घेताना तिच्या पालाच्या बांबूला लागला. पाल कोसळलं ते नेमकं तिखटाच्या पोत्यावर. पोतं फुटलं, वाऱ्यावर तिखट उडालं, आणि सगळा बाजार तोंडाला उपरणी, पदर, टॉवेल धरून ठसकत शिंकत पळत सुटला. ती किंचाळली ते डोळ्यांत तिखट गेलं म्हणून, आणि पोतं वाया गेलं म्हणून. टेम्पोवाल्यानं नंतर तिचं पाल पुन्हा उभं करून दिलं. म्हणजे तिथं काही झालंच असेल तर एवढंच, की एका माणसाचं चुकलं आणि त्यानं ते निस्तरलं.

परतीच्या वडापमध्ये तुम्हाला हसू फुटलं. आधी खांदे हलायला लागले. मला वाटलं, उचकी लागली. मग तुम्ही म्हणालात, ‘बाई, मिरच्यांनी दंगल केली की!’ आणि आपण दोघं असे हसलो, की जीपमधल्या बाईनं तिचं पोर आपल्यापासून जरा लांब धरलं. डोळ्यांतून पाणी आलं तुमच्या. मी कितीतरी दिवसांत इतकी हसले नव्हते. तो सगळा प्रवास मी आता रोज आठवते. त्याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते. ‘चला, जाऊन बघू’ असं म्हटल्यावर खरोखर उठून येणारी माणसं किती असतात?

दुसऱ्या दिवशी आपण ते लिहायला बसलो. दोघांचं मिळून एकच पत्र, पहिलं आणि शेवटचं. तुम्हाला सुरुवात मिरचीवाल्या बाईपासून हवी होती, मला व्हिडिओ कसा फिरला तिथपासून. ‘अफवा’ लिहायचं की ‘खोटी बातमी’, यावर चहाच्या दोन फेऱ्या गेल्या. तुम्ही म्हणालात, अफवेत हेतू नसतो, इथं कुणीतरी मुद्दाम दोन प्रकारचं लिहिलंय, तर शब्द कडक पाहिजे. मी म्हणाले, कडक शब्द वाचून लोक ऐकायचे थांबतात. शेवटी तुमचा शब्द राहिला आणि माझी सुरुवात राहिली. खाली दोघांची नावं, दोघांच्या पेठा. तुम्ही ते तुमच्या ग्रुपवर टाकलंत, मी माझ्या.

माझ्याकडे कुणीच काही बोललं नाही. शिवी नाही, फूल नाही. खाली लगेच कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा फोटो आला आणि सगळ्यांनी त्याला शुभेच्छा दिल्या. एका मॅडमनी वेगळा निरोप पाठवला : ‘तुमची भावना समजते, पण ही वेळ नाही.’ कसली वेळ, ते त्यांनी लिहिलं नाही.

तुमच्याकडे मात्र बरंच झालं. तुम्ही मला सगळं सांगितलं नाहीत. विकले गेलात, म्हातारपणी बाईच्या नादी लागलात, असलं काहीबाही आलं असणार. बिराजदारांनी, म्हणजे तुमच्या त्या ग्रुपच्या प्रमुखांनी, तुम्हाला काढून टाकलं. सकाळी बागेत गेलात तर नेहमीच्या बाकावर सरकून जागा द्यायला कुणी हललं नाही. तुम्ही दोन फेऱ्या मारून घरी आलात.

पुढच्या रविवारी तुम्ही मला म्हणालात, ‘बाई, मी त्ये पत्र खोडलं. माफी मागून परत आत गेलो.’

मी चहाचा कप खाली ठेवला. तुम्हीच बोलत राहिलात. ‘मला तुमच्यासारखं एकटं ऱ्हाता येत न्हाय. सकाळी फिराय गेल्यावर चार मानसं नमस्कार घालत्यात, त्येवडंच हाय मला. आनि पत्र खोडलं म्हंजे मत खोडलं न्हाय.’

मी म्हणाले, ‘जे कुणाला दिसतच नाही, ते मत कसलं कोरे?’

तुम्ही म्हणालात, ‘मत माजं हाय. दाकवायचं का न्हाय, त्ये बी माजंच.’

आपला हा वाद अर्धाच राहिला. मी त्या दिवशी लवकर उठले. नंतरही रविवारी येत राहिले, पण आपण रक्तदाबाच्या गोळ्यांवर बोलायचो, उन्हावर बोलायचो, नळाला पाणी कधी येणार यावर बोलायचो, आणि त्यातही कुणाचा दोष ते टाळून. तुम्ही मला साखर कमी घालायला सांगायचात. मी तुम्हाला डोळे तपासून घ्या म्हणायची. किती चांगले वागायला लागलो होतो आपण! त्या चांगुलपणात मला जितकं एकटं वाटलं, तितकं आमचे हे वारले, मुलगा पुण्याला गेला, तेव्हाही वाटलं नव्हतं. तुम्हाला एकटं राहता येत नाही, असं तुम्ही म्हणालात. मला येतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

हे तेव्हा बोलायला हवं होतं. तुम्ही मला नक्की उत्तर दिलं असतं.

आज तुमच्या शोकसभेहून आले, म्हणून हे सगळं सांगतेय. महानंदानं तुमच्या दुकानाजवळच्या छोट्या हॉलमध्ये ठेवली होती. ग्रुपवर तुम्हाला हात जोडलेल्या निरोपांची रांग लागली होती म्हणे. हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बिराजदार बोलायला उठले. भला माणूस दिसतो, तुमच्याबद्दल ते मनापासून बोलत होते. ते म्हणाले, ‘कोरे मामा लई शांत मानूस. कदी कुनाशी वाद न्हाय. शेवटपर्यंत आपल्या विचारांशी एकनिष्ठ ऱ्हायले.’

मी गप्प बसायचं ठरवून गेले होते. पण ते ज्या माणसाबद्दल बोलत होते, त्याला मी ओळखतच नव्हते. मी उभी राहिले. ‘शांत नव्हते,’ मी म्हणाले. ‘लगेच चिडायचे. आणि वादाशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही.’

सगळ्यांनी वळून बघितलं. बिराजदार म्हणाले, ‘तुमीच त्या वाघचौरेबाई का?’

‘मीच.’

शोकसभेत असं कुणी करत नाही, हे मलाही कळत होतं. मी महानंदाकडे बघितलं, म्हटलं, आता ही मला बस म्हणेल. ती डोळे पुसून म्हणाली, ‘बोला बाई. बाबांना आवडलं आसतं.’

मग मी सगळं सांगितलं. भोंग्यांचं पत्र, फोनवरचं शुद्धलेखन, गावचा बाजार, तिखटाचं पोतं. तुम्ही पत्र खोडलंत तेही सांगितलं, आणि ते का खोडलंत तेही. बिराजदार मधेच म्हणाले, ‘आमी त्येंच्यावर जबरदस्ती केली न्हाय बाई.’ मी म्हणाले, ‘बाकावर सरकलाही नाहीत.’ ते म्हणाले, ‘तुमच्या लोकांनी आमच्याबद्दल काय काय पसरवलंय, त्ये बोला की मग.’ मी म्हणाले, ‘ते पण बोलू. बसा.’ आणि ते खरंच खुर्ची ओढून बसले. आम्ही भांडलो कोरे, तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर. एक-दोघं उठून गेले, बाकीचे थांबले. कोपऱ्यातली एक शिवणवाली बाई म्हणाली, ‘मामाच्या दुकानात आसंच चालायचं.’ त्यांना माझं पटलं नाही, मला त्यांचं पटलं नाही. निघताना मात्र त्यांनी चपला घालता घालता विचारलं, ‘पन बाई, तितं खरंच फकस्त तिखट उडलं हुतं?’

‘फक्त तिखट,’ मी म्हणाले.

‘येवडंच?’ ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. दिसली ती निराशा. काहीतरी हातचं गेल्यासारखी. मी घरी येईपर्यंत ते तोंड माझ्या डोळ्यांसमोरून हललं नाही. त्याचं काय करायचं, हे मला तुम्हाला विचारायचं होतं. तुमचा माणूस तो, तुम्हाला नेमकं सांगता आलं असतं.

येताना वर्तमानपत्र विकत घेतलं. दारातल्या खुर्चीवर बसून वाचलं. आमच्या भागातली महापालिकेची शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या शाळेत पाठवायचं चाललंय. मला ते अजिबात पटलेलं नाही. मी माझं म्हणणं मनात जुळवलं, मग मोठ्यानं बोलून बघितलं. चांगलं जमलं. मग मी तुमच्या बाजूनं उत्तर द्यायला लागले. ‘बाईंना शाळेची इमारत दिसते, परंतु...’ आणि तिथंच अडले. तुमचे जुने सगळे मुद्दे मला पाठ आहेत कोरे. कोणत्या पत्रात काय लिहिलंत, कुठला टोमणा मारलात, सगळं. पण या बातमीवर तुम्ही काय म्हणाला असतात, ते मला सांगता येत नव्हतं. तुम्ही नेहमी मला सुचणार नाही असंच काहीतरी काढायचात.

मी ‘परंतु’ पुन्हा म्हणून बघितलं. ऊन खुर्चीवरून सरकून भिंतीवर गेलं, समोरच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आणि त्या ‘परंतु’च्या पुढे काही केल्या एक शब्द आला नाही.